गयाबाईंच्या वावरातला रस्ता

गयाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. लुगडं वर खोचलेलं, पदराचं टोक दातात धरलेलं आणि दोन्ही हातांत एक भला मोठा दगड. मला वरुडवाडीच्या शाळेवर रुजू व्हायचं होतं, म्हणून तीर्थपुरीहून बैलगाडीनं निघालो होतो. गावाच्या अलीकडे हा ओढा लागतो. पावसाळ्यात त्याच्या दोन्ही काठांची काळी माती अशी फुगते, की चाक एकदा आत गेलं म्हणजे बैलांच्या माना मोडायची वेळ येते. आमची गाडी तिथंच रुतली. गाडीवान खाली उतरून बैलांना शिव्या देऊ लागला, तेव्हा ओढ्यातून त्याच्या दुप्पट आवाजात त्यालाच शिवी आली. बैलांना काय बोलतोस, चाकाखाली दगड दे, असा त्या शिवीचा सारांश होता.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "नवा मास्तर का तू? मंग बसून काय राह्यला? उतर. दगड दे इकडं."

मी पायजमा वर करून उतरलो आणि काठावरच्या ढिगातले दगड त्यांच्या हातात देऊ लागलो. थोडे दगड झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोनाचा?" मी म्हणालो, जालन्याचा. "गाव न्हाई विचारलं. कोनाचा?" मी सांगितलं, आम्ही बौद्ध, वडील जालन्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल आहेत. मी पुढं केलेला दगड तसाच माझ्या हातात राहिला. तो घ्यावा की घेऊ नये, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग हात पुढं आला. "दे," त्या म्हणाल्या. "दगडाला काय होतंय."

दगडाला होत नाही म्हणजे माणसाला होतं, हा त्याचा अर्थ न कळण्याइतका मी लहान नव्हतो. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला. गावात मात्र माझं स्वागत हसून झालं. सरपंच किसनरावांनी मला हार घातला, आपल्या गावात कसला भेदभाव नाही असं चारचौघांत सांगितलं, आणि मला राहायला गावात खोली मिळणार नाही याची तेवढीच काळजी घेतली. मी ओढ्यापलीकडे, आमच्या लोकांच्या वस्तीत राहिलो. तिथून रोज शाळेसाठी ओढा ओलांडताना गयाबाईंची गाठ पडू लागली आणि हळूहळू मला कळलं, की या गावात मनात एक आणि तोंडात एक असं ज्यांना जमत नव्हतं, अशा त्या एकट्याच होत्या.

गयाबाई या गावच्या पाटील घराण्यातल्या, किसनरावांच्या थोरल्या भावजय. नवरा निजामाचं राज्य गेलं त्या सुमारास पटकीनं गेला. मूलबाळ नव्हतं. वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीची जमीन धाकट्या दिराकडे राहिली आणि ओढ्यापलीकडचं वावर यांच्या वाट्याला आलं. माती सोन्यासारखी होती, पण तिथवर पोहोचायचं तर ओढा आडवा. पावसाळ्यात निंदणीला बाया नेता येत नसत, वेचलेला कापूस आणता येत नसे. कधी गाडीवरची बोचकी ओढ्यात भिजत आणि जालन्याच्या जिनिंगवर व्यापारी नाक मुरडत. म्हणून दर पावसाळ्यात त्या स्वतः ओढ्यात दगड टाकून वाट करत. पूर आला की दगड वाहून जात. पाणी ओसरलं की त्या पुन्हा टोपलं घेऊन हजर. एकदा मी म्हणालो, मावशी, हे किती वर्षं करणार? तर म्हणाल्या, "पानी न्यायाचं थांबंल तवर."

त्यांच्या बोलण्यात गोडवा नावाला नव्हता. कुणी वळसे घेत बोलू लागला, की त्या हात वर करून थांबवत आणि म्हणत, "बोल, पर सीधं बोल." शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. माझ्याशीही त्या सरळच वागल्या. एकदा बांधावरून जाताना मला हाक मारून त्यांनी चहा पुढं केला. वावरातल्या गोठ्याच्या भिंतीत, कोनाड्यात वेगळी ठेवलेली, कान तुटलेली कपबशी होती. मी म्हणालो, मावशी, या कपातला चहा मी घेत नाही. त्यांनी कप परत नेला. वाईट वाटल्याचं दाखवलं नाही, की समजूतही काढली नाही. "नको पिऊ," एवढंच म्हणाल्या. पुढं त्यांनी मला चहाला कधी बोलावलं नाही आणि आमच्या बोलण्यात त्यानं काही फरकही पडला नाही.

मी रुजू झालो त्याच्या पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. बहात्तरचा तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि न पाहिलेल्यांना सांगून कळायचा नाही. ओढ्यात पाणी सोडा, ओलही राहिली नाही. गंगा म्हणजे आमची गोदावरी, तिच्या पात्रात झरे खणून लोक घागरी भरत. जनावरं दावणीला मरू लागली. मग सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, माती ओढायची आणि रस्ते करायचे. त्या वेळी जालना जिल्हा झालेला नव्हता, कामांची मंजुरी औरंगाबादहून येई. तीर्थपुरी ते वरुडवाडी रस्ता मंजूर झाल्याची बातमी आली आणि त्यासाठी ओव्हरसिअर साहेब जीपनं गावात आले.

मारुतीच्या पारावर गाव जमलं. साहेबांनी कागद पसरून सांगितलं, की सरळ रेषेत यायचं तर रस्ता वस्तीच्या अंगानं येईल, तिथून गयाबाईंच्या वावरातून ओढ्यावर उतरेल, ओढ्यावर नळ्या टाकून मोरी बांधू आणि गावात शिरू. मला वाटलं होतं, रस्ता म्हटल्यावर लोक खूश होतील. तसं झालं नाही. एक म्हातारा म्हणाला, रस्ता आला की पोलीस आणि वसुलीवाले रोज येतील, आज चिखल आहे म्हणून चार महिने तरी सुटका होते. दुसऱ्यानं मोटारीखाली जनावरं मरतील अशी भीती घातली. वाण्याला रस्ता हवा होता, पण तो गावाच्या मधून आणि त्याच्या दुकानावरून. ज्यांच्या पोरी चौथीनंतर घरी बसल्या होत्या, ते बाप गप्प होते. वस्तीतली माणसं पाराखाली उभी होती. त्यांच्यातला लक्ष्मण, माझ्याच वयाचा, सातवी शिकलेला. त्यानं विचारलं, साहेब, मोरी झाली तर आजारी माणसाला पावसाळ्यात बाहेर काढता येईल ना? साहेब हो म्हणाले.

किसनराव सगळ्यांचं ऐकून घेत होते. मग शांतपणे म्हणाले, रस्ता हवाच, पण वस्तीच्या अंगाची जमीन काळी आहे, खर्च फार होईल. पश्चिमेकडून, आमच्या मोसंबीच्या बागेवरून आणा. तिकडं मुरमाड आहे, ओढाही अरुंद आहे. साहेबांनी सांगितलं, की ती वाट लांबची आहे आणि वस्ती बाजूला राहते. तेव्हा किसनरावांच्या शेजारी बसलेला एक भावकीतला माणूस, जो डोक्यानं त्यांच्याइतका तयार नव्हता, मनातलं बोलून गेला. "वस्तीवरनं गाडी सुरू झाली, तर गडी सकाळी उठून जालन्याच्या कारखान्यात जातील. आपल्या वावरात कोन येईल मंग?"

किसनरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा त्या दिवशी बोलला नाही. पण आता काय ते सगळ्यांना कळलं होतं. बायांनी सभेला यायची रीत नव्हती. गयाबाई लिंबाच्या झाडाखाली उभ्या होत्या, त्या पुढं आल्या.

"माझ्या वावरातनं न्या," त्या साहेबांना म्हणाल्या. "जितकं लागतंय तितकं घ्या. कागद आना, अंगठा देते."

किसनराव म्हणाले, वहिनी, घरात बसून बोलू. "घरात काऊन? जमीन माझी हाय, अन् ओढ्यात उभी मी राह्यते," गयाबाई म्हणाल्या. "तुमी येक दिवस तरी उतरलात का तिथं?"

त्यांना रस्ता हवा होता तो स्वतःसाठी. वस्तीचं भलं व्हावं म्हणून त्यांनी जमीन दिली, असं पुढं काही लोक माझ्यासमोर बोलले, पण ते खरं नाही. त्यांना कापूस सुका जिनिंगवर न्यायचा होता. मात्र त्यांना जे हवं होतं ते वस्तीलाही हवं होतं, आणि वस्तीला मिळेल म्हणून आपण सोडायचं, असा विचार त्यांच्या डोक्यात शिरत नव्हता. गावातले बाकीचे सगळे त्याच विचारावर चालत होते.

जमीन मिळाली तिथून काम सुरू झालं. गयाबाईंच्या वावरातून, वस्तीपासून ओढ्यापर्यंत, मातीचा भराव टाकायला सुरुवात झाली. काठावर खडी फोडायला बाया बसल्या. वस्तीतल्या सगळ्या आणि गावातल्याही पुष्कळ. भुकेनं तेवढं तरी एका ओळीत बसवलं होतं. त्यात एक दिवस गयाबाईही हातोडा घेऊन बसल्या. पाटलाच्या घरची बाई खडी फोडते म्हणून गावात चर्चा झाली. किसनरावांनी निरोप पाठवला, की घरात ज्वारी पाठवतो, पण हे थांबवा. गयाबाईंनी निरोप आणणाऱ्यालाच विचारलं, तुझ्या धन्याच्या पेवात ज्वारी आहे, तर गाव मिलो का खातंय? परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी तेव्हा सगळ्यांच्या ताटात होती आणि तिच्या भाकरी थापता थापता मोडत.

लक्ष्मणची आई सुभद्रा त्यांच्या शेजारी बसायची. दोघी सारख्या वयाच्या, दोघी विधवा, दोघी तिखट तोंडाच्या. दिवसभर एकमेकींकडे न बघता भांडल्यासारख्या बोलायच्या. कामावर पाण्याच्या घागरी वेगळ्या होत्या, त्या दुष्काळातही वेगळ्या होत्या. एका दुपारी टँकर आला नाही. उन्हानं दगड हातात धरवत नव्हते. गावाकडच्या बायांची घागर संपली. सुभद्राच्या घागरीत थोडं पाणी होतं. गयाबाईंनी हातोडा खाली ठेवला, हात पुढं केला आणि म्हणाल्या, "दे."

सुभद्रानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पाटलीनबाई, मागून मला बोल लावाल."

"पानी दे," गयाबाई म्हणाल्या. सुभद्रानं ओंजळीत पाणी ओतलं. त्या प्यायल्या. खडीवरचे सगळे हातोडे थांबले होते. कुणीतरी हळूच म्हणालं, आता घरी जाऊन आंघोळ करावी लागेल. गयाबाईंनी तोंड पुसलं. "आंघोळीला पानी कुठं हाय? ऱ्हाऊ दे मंग," असं म्हणून त्यांनी हातोडा उचलला. मी शाळा सुटल्यावर तिथं आलो होतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. वस्तीत त्या संध्याकाळी हसणं ऐकू आलं, दुष्काळात पहिल्यांदा.

भावकीत मात्र त्याचे परिणाम झाले. किसनरावांच्या मुलीचं लग्न थोडक्यात उरकलं, त्यात गयाबाईंना बोलावलं नाही. सुतार औत भरून देईना, लोहार फाळ सगळ्यांच्या शेवटी द्यायचा. त्या मला म्हणाल्या, की लग्नात जाऊन बुंदीच खायची होती, ती यंदा तशीही नव्हती. पण हे सांगताना त्यांचं तोंड दुसरीकडे होतं. त्या पोरीला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं होतं.

पुढच्या वर्षी पाऊस आला आणि दुष्काळी कामं बंद झाली. गयाबाईंच्या वावरातला भराव पुरा झाला होता. वर मुरूम दाबून बसवला होता, खडीचे ढीग दोन्ही बाजूंना रचलेले होते. ओढ्यावरची मोरी मात्र राहिली. वस्तीपासून तीर्थपुरीपर्यंतचं कामही पुढच्या मंजुरीत होईल असं साहेब सांगून गेले. म्हणजे रस्ता होता, पण त्याची दोन्ही टोकं मोकळी होती. तरी वस्तीला तेवढाही मोठा वाटला. शाळेत येणारी पोरं चिखल टाळून त्या भरावावरून ओढ्यापर्यंत कोरड्या पायांनी येऊ लागली. पोरं आपल्या वावरातून चालली, की गयाबाई कापसातून मान वर काढत. ती कुठं पिकात तर शिरत नाहीत ना, एवढंच बघत आणि पुन्हा वाकत.

मग ते साहेब बदलून गेले आणि दुसरे आले. नवे साहेब किसनरावांकडे जेवले. नवी आखणी झाली. रस्ता पश्चिमेकडून, मोसंबीच्या बागेवरून गावात येणार होता. मी लक्ष्मणला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो, अर्ज दिले, साहेबांना भेटलो. त्यांनी फार प्रेमानं बोलावून घेतलं आणि म्हणाले, गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात, गावाच्या एकोप्याचा विचार करा. गावाचा एकोपा म्हणजे कुणाकुणाचा, असं लक्ष्मणनं विचारलं. साहेबांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं.

या सगळ्या गोष्टींतली एक सकाळ मी विसरू शकत नाही. नव्या रस्त्याला खडी लागणार होती. ती कुठून आणायची? तयार फोडलेली खडी गयाबाईंच्या वावरात पडलेली होती. सकाळी ट्रॅक्टर आणि ट्रॉली आली. गयाबाईंना कळताच त्या ओढा ओलांडून गेल्या आणि खडीच्या ढिगावर चढून बसल्या. मीही शाळा सोडून गेलो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, बाई, उतरा, सरकारी खडी आहे. गयाबाई म्हणाल्या, ही खडी या रस्त्याची आहे आणि रस्ता माझ्या जमिनीवर आहे, मी इथून उठणार नाही. त्यांना ओढून खाली काढायची कुणाची छाती नव्हती, पाटलाची भावजय होती. ट्रॅक्टरवाल्यानं किसनरावांकडे निरोप धाडला. आम्हाला वाटलं, आता किसनराव येतील, पोलीस येतील.

किसनराव आले नाहीत. त्यांनी पाठवली ती माणसं वस्तीतली होती. खडी भरायला मजूर म्हणून. दुष्काळानंतरचं ते वर्ष, कुणाच्या घरात दाणा नव्हता. नव्या रस्त्यावर वस्तीलाच काम देतो, पण आज येतील त्यांनाच, असं किसनरावांनी सांगितलं होतं. टोपली घेऊन आठ-दहा माणसं वाटेनं येताना दिसली. त्यांत लक्ष्मणही होता. सगळ्यांच्या मागे सुभद्रा होती.

ती माणसं ढिगाजवळ येऊन थांबली. कुणी वर बघेना. सुभद्राच्या हातात टोपलं होतं आणि तिची नजर त्या खडीवर होती, जी तिनं स्वतः, वर बसलेल्या बाईच्या शेजारी बसून फोडली होती. मी लक्ष्मणचा दंड धरून बाजूला घेतलं. तो म्हणाला, गुरुजी, तुम्हाला पगार आहे. मी त्याचा दंड सोडला.

सुभद्रा टोपलं घेऊन दोन पावलं पुढं आली. गयाबाई तिच्याकडे बघत होत्या. मग त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि खडीवरून घसरत खाली आल्या. मी म्हणालो, मावशी, का उठलात? त्या म्हणाल्या, "मला 'उठा' म्हनायची पाळी तिच्यावर कशाला आनू? तिला पोट हाय." आणि सुभद्राच्या जवळून जाताना आवाज चढवून म्हणाल्या, "भर जल्दी. ऊन व्हईल."

सुभद्रानं पहिलं टोपलं भरलं. ट्रॉली भरून निघेपर्यंत गयाबाई बांधावर पाठ करून बसल्या होत्या. त्या दिवशी त्या कुणालाही शिवी देताना दिसल्या नाहीत.

त्याच वर्षी माझी बदली झाली, पार भोकरदनकडच्या एका गावात. कारण कागदावर काही नव्हतं आणि मी विचारलंही नाही. निघताना गयाबाईंना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, त्यांनी तुला हाकललं. मी म्हणालो, बदली तर होतच असते. त्यांनी हात वर केला. मी म्हणालो, हो मावशी, हाकललं. मग त्या समाधानानं मान हलवून म्हणाल्या, की तिथल्या पोरांना तरी नीट शिकव, इथं तुझा अर्धा वेळ कचेरीत गेला.

नवा रस्ता झाला. एसटी आली. ती मोसंबीच्या बागेपाशी थांबू लागली आणि थांब्याला किसनरावांच्या बागेचंच नाव पडलं. गड्यांना जालन्याला जायचं होतं ते गेलेच, फक्त त्यांना आता ओढा उतरून, गाव ओलांडून, बागेपर्यंत चालत जावं लागे. बागेच्या फाटकात किसनरावांचा माणूस बसे आणि कोण निघालं ते बघत असे. वस्तीतल्या लोकांनी पुन्हा अर्ज केला, की आम्हाला रस्ता द्या. त्यावर उत्तर आलं, की वस्तीला रस्ता आहे. नकाशात गयाबाईंच्या वावरातून रस्ता दाखवलेला होता, तो काढलेला नव्हता. गयाबाईंनीही तलाठ्याकडे खेटे घातले, की रस्ता करत नसाल तर माझी जमीन परत द्या, भरावामुळे पावसाचं पाणी वावरात तुंबतं आणि वरच्या अंगाचा कापूस जळतो. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. तिथं रस्ता आहे, रस्त्याची जमीन परत देता येत नाही. एकाच रेघेनं दोघांनाही वाटेला लावलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी मी जालन्याला बदलून आलो. लक्ष्मणही तोवर जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये लागला होता. एक दिवस तो गयाबाईंना घेऊन माझ्या घरी आला. डोळ्याला मोतीबिंदू झाला होता, डॉक्टरला दाखवायला आणलं होतं. दिराच्या घरी माणसं होती, गाडी होती, पण त्यांना घेऊन आला होता लक्ष्मण, एका दिवसाची मजुरी बुडवून. माझ्या बायकोनं चहा केला. गयाबाई आमच्या घरात, आमच्या कपात चहा प्यायल्या.

दवाखान्यातून परतताना रेल्वे फाटकापाशी आम्ही अडकलो. फाटक बंद होतं. कापसाच्या गाड्या, लोखंड भरलेले ट्रक, टेम्पो, सायकली, हातगाड्या, सगळं एकमेकांत घुसून बसलं होतं. ट्रकवाले भोंगे वाजवत होते, बैल बिथरले होते आणि एक हवालदार शिट्टी फुंकून थकला होता. जालन्यातले लोक तेव्हा त्या फाटकाला कंटाळले होते, तिथं पूल व्हावा म्हणून रोज चर्चा चाले. मी वैतागून म्हणालो, बघा मावशी, रस्ता असून ही गत. त्यांना फारसं दिसत नव्हतं. त्या माझा हात धरून त्या गोंगाटाकडे तोंड करून उभ्या होत्या.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "समदे कुटं ना कुटं चालले तरी हायेत."

मी बरेच दिवस मनात ठेवलेलं त्यांना विचारलं. जमीन दिल्याचा पस्तावा होतो का?

"व्हतो की," त्या लगेच म्हणाल्या. "चांगली जमीन व्हती. रोज व्हतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "सुभद्रा तोंड लपवून जाती माझ्यापासून. त्याचा जास्ती व्हतो. तिला म्या काई म्हनलं न्हाई. तू सांग तिला येखाद्या वेळी."

लक्ष्मण शेजारी उभा होता. तो फाटकाकडे बघत राहिला.

पुढच्याच पावसाळ्याच्या तोंडावर गयाबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. मला कळलं तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता. किसनरावांनी दिवस मोठे घातले, गावजेवण दिलं, वहिनी म्हणजे आमची आई होती असं सांगून डोळे पुसले. अपत्य नव्हतं, तेव्हा ओढ्यापलीकडचं वावर त्यांच्याकडे आलं. आणि गयाबाईंना जे इतकी वर्षं सांगण्यात आलं होतं, की रस्त्याची जमीन परत देता येत नाही, ते किसनरावांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी अर्ज दिला. पाहणी झाली. तिथं रस्ता नाही, असं दिसून आलं. नकाशातली रेघ गेली. त्याच हंगामात ट्रॅक्टर लावून भराव फोडला, मुरूम उचलून बागेच्या वाटेवर टाकला आणि उरलेल्या मातीवर नांगर फिरवला. सुभद्राला या कामावर बोलावलं होतं. ती गेली नाही. सून गेली.

हे सगळं मला लक्ष्मणनं सांगितलं, मिलमधून सुटल्यावर, सायकल भिंतीला टेकवून. गयाबाईंचा निरोप त्यानं आईला दिला होता का, असं मी विचारलं. दिला होता, तो म्हणाला. आणि गयाबाई गेल्या त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही.

मी विचारलं, आता शाळेत जाणारी पोरं कशी जातात? तो म्हणाला, वावराच्या कडेनं, बांधावरून. चिखलात पाय रुततात, पण जातात. बांधावरून जायचं असेल, तर आधी किसनरावांना विचारावं लागतं. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला वस्तीतली दोन माणसं त्यांच्या दारात जाऊन उभी राहतात, ते ओसरीवर येईपर्यंत थांबतात आणि विचारतात.

गयाबाई असेपर्यंत त्यांच्या वावरातून जायला कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर त्यांनी शिवी दिली असती.